दुधी काच आणि तिच्यावरची अक्षरे

काचेचे दोन गुण आहेत. ती उजेड आत येऊ देते आणि नजरही आत येऊ देते. पहिला गुण आपल्याला नेहमी हवा असतो. दुसरा मात्र सगळीकडे चालत नाही.

किराणा दुकानाच्या काचेतून माल दिसला, तर त्यात सगळ्यांचेच भले आहे. पण दवाखान्यातले पाहा. आत एखादी बाई तपासणीसाठी पलंगावर पडली आहे, आणि खिडकीच्या साध्या काचेतून ओट्यावर बसलेल्या माणसांना ती दिसते आहे. हे बरे का? अशा ठिकाणी एकदा लाज वाटली, की ती माय पुन्हा तिथे पाऊल टाकत नाही. दुखणे अंगावर काढते.

मग लोक काय करतात? कोणी काचेला जुने वर्तमानपत्र चिकटवतो. कोणी चुना फासतो. वर्तमानपत्र पिवळे पडते आणि फाटते. चुन्याने उजेड अडतो. मग भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि वीज गेली की नर्सबाई विजेरी घेऊन काम करतात.

दुसरी अडचण दारांची. एका रांगेत पाच दारे असतात. सगळी बंद असतात आणि एकावरही नाव नसते. नवा माणूस कोणते दार ढकलणार? तो शिपायाला विचारतो. शिपाई जागेवर नसला, तर तो तसाच उभा राहतो.

ह्या दोन्ही अडचणींवर दोन साध्या वस्तूंचा उपाय आहे. एक म्हणजे काचेला लावायचा दुधी कागद. दुसरी म्हणजे चिकटवायची अक्षरे. कागद झाकतो आणि अक्षर सांगते. दोन्ही वस्तू एकाच काचेवर कशा लावाव्यात, ते आम्ही ह्या पाठात सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्या पाड्यावर काचेची खिडकीच नाही. आम्ही हे कशाला शिकायचे?" तुमचे म्हणणे रास्त आहे. पण आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत, बँक, शाळा आणि तालुक्याची कचेरी ही तुमचीच आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर जिल्ह्याच्या कचेऱ्या नंदुरबारलाच झाल्या. तिथल्या काचा तुमच्यासाठीच आहेत. त्यांच्यावर काय लिहावे आणि कसे लिहावे, हे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुधी काच झाकते कशी?

रेल्वेच्या डब्यातली शौचालयाची खिडकी आठवा. तिला पांढरट काच असते. तिच्यातून उजेड येतो, पण आरपार काही दिसत नाही. तिलाच दुधी काच म्हणतात.

हे कसे होते? तापीच्या संथ पाण्यात पाहिले तर काठाजवळ तळाचे गोटे दिसतात. वारा सुटला आणि पाण्यावर बारीक लाटा उठल्या, की तेच गोटे दिसेनासे होतात. पाणी तेच असते, उजेडही तेवढाच असतो. फक्त पाण्याचा पृष्ठभाग सपाट राहिलेला नसतो. उजेडाचे किरण सरळ न जाता वाकडेतिकडे पांगतात.

दुधी काचेतही असेच घडते. तिचा पृष्ठभाग अगदी बारीक खरबरीत असतो. उजेड पार जातो, पण पांगून जातो. म्हणून खोली उजळते आणि आतला माणूस मात्र ओळखू येत नाही.

एक प्रयोग करून पाहा. दुधी काचेला पलीकडून बोटे टेकवा. बोटे दिसतील. आता हात हातभर मागे घ्या. बोटे नाहीशी होतील आणि नुसती सावली राहील. ह्याचा अर्थ काय? जे काचेला चिकटून असते ते दिसते. जे दूर असते ते पुसट होते. म्हणून तपासणीचा पलंग खिडकीला लावून ठेवू नये. तो दोन-तीन हात दूर ठेवावा.

खरी दुधी काच कारखान्यात तयार होते. तिथे साध्या काचेवर वाळूचा जोराने मारा करतात, किंवा आम्लाने तिचा पृष्ठभाग खातात. वाळूचा मारा करण्याच्या युक्तीचे पेटंट, म्हणजे हक्कपत्र, १८७० साली अमेरिकेतल्या बेंजामिन टिल्घमन ह्यांनी घेतले.

आपल्याकडेही काचेचा धंदा जुना आहे. लोकांकडून एक-एक पैसा जमवून पैसा फंड उभा राहिला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर एके काळी घरोघर होता. तुमच्या आजोबांना विचारा. त्याची काच पुसण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असेल.

पण लावलेली काच काढून तिच्या जागी दुधी काच बसवणे खर्चाचे आहे. म्हणून आता साध्या काचेवरच दुधी कागद चिकटवतात.

हा कागद आणि ही अक्षरे कशाची?

आपण 'कागद' म्हणतो खरे, पण हे प्लास्टिकचे पातळ पान असते. त्याच्या एका बाजूला चीक असतो. चिकाच्या बाजूला खरा कागद लावलेला असतो. तो सोलून काढायचा आणि पान काचेला लावायचे. दुकानात ह्याला 'फ्रॉस्टेड फिल्म' म्हणतात. तुम्ही "काचेचा दुधी कागद द्या" म्हणालात, तरी दुकानदाराला कळते.

अक्षरे ज्या रंगीत पानातून कापतात, त्याला 'व्हिनाइल' म्हणतात. हेही प्लास्टिकच आहे. हे प्लास्टिक मुळात कडक असते. ते मऊ करण्याची रीत १९२६ साली वॉल्डो सेमन ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने शोधली. पुढे १९३५ साली स्टँटन अ‍ॅव्हरी ह्याने सोलून चिकटवण्याच्या चिठ्ठ्या काढल्या. वहीवर नावाची चिठ्ठी चिकटवतो ना, तीच ही. ह्या दोन युक्त्या एकत्र आल्या, त्यातून आजची चिकट अक्षरे झाली.

आपल्याकडे ह्या दुकानाला लोक 'रेडियमचे दुकान' म्हणतात. मोटारसायकलचे नंबर आणि ट्रकवरची नावे तिथेच कापून मिळतात. पण तिथे खरे रेडियम मुळीच नसते, बरे का! रेडियम हा एक धातू आहे. पिएर आणि मारी क्यूरी ह्या नवरा-बायकोने तो १८९८ साली शोधला. पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियम मिसळलेला रंग त्यांना लावत. तो पुढे घातक ठरला. त्यावरूनच चमकणाऱ्या पट्टीला हे नाव पडले असावे. दुकानातली पट्टी स्वतः उजेड देत नाही. तिच्यावर पडलेला दिव्याचा उजेड ती फक्त परत पाठवते. तेव्हा नावाला घाबरू नका.

आधी मोजणी

समजा, खिडकीची काच ३ फूट रुंद आणि ४ फूट उंच आहे. ३ गुणिले ४ म्हणजे १२. पूर्ण काचेला १२ चौरस फूट कागद लागेल.

पण पूर्ण काच झाकण्याची गरज आहे का? बाहेर उभ्या असलेल्या उंच माणसाच्या डोळ्यांच्या वर वीतभर कागद पोचला, की काम झाले. वरची काच मोकळी ठेवा. तिथून चांगला उजेड येईल. खालचे ३ फूटच झाकले तर ३ गुणिले ३ म्हणजे ९ चौरस फूट कागद पुरेल. अशा चार खिडक्या असतील तर १२ चौरस फूट कागद वाचला.

मात्र एक पाहा. खिडकीखाली बाहेरून ओटा किंवा बाक आहे का? असेल तर माणूस त्यावर चढून उभा राहील. मग उंची जमिनीपासून मोजू नका, ओट्यापासून मोजा.

कापताना कागद चारही बाजूंनी एक-एक इंच जास्त ठेवा. जास्तीचा कापता येतो. कमी पडलेला वाढवता येत नाही.

कागद लावण्याची रीत

हे काम दोघांचे आहे. एकट्याने करू नये. वेळ सकाळची किंवा उन्हे कलल्यावरची धरावी. आपल्याकडच्या वैशाखात काच इतकी तापते, की लावलेले पाणी लगेच सुकते आणि कागद सरकवता येत नाही. वारा आणि धूळ असेल तेव्हाही काम करू नये. कागदाखाली अडकलेला धुळीचा एक कण कायमचा फोड होऊन बसतो.

पहिली गोष्ट, काच धुवा. आधी चौकट पुसा, मग काच. रंगाचे थेंब आणि जुना डिंक पात्याने खरवडून काढा. शेवटी स्वच्छ पाण्याने धुवा. काचेवर तेलाचा किंवा रॉकेलचा हात राहता कामा नये.

दुसरी गोष्ट, साबणाचे पाणी करा. एक लिटर पाण्यात भांड्याच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब पुरेत. हे पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरा.

तिसरी गोष्ट, काच ह्या पाण्याने ओलीचिंब करा. एकाने कागद धरावा आणि दुसऱ्याने मागचे अस्तर सोलावे. सोलता-सोलता चिकाच्या बाजूवरही पाणी मारावे. नवख्याला पाण्याची भीती वाटते. चिकट वस्तूला पाणी कशाला, असे त्याला वाटते. पण पाण्यामुळेच कागद काचेवर सरकतो आणि नीट जागेवर बसवता येतो. कोरडा लावला तर जिथे टेकेल तिथेच पकडेल.

चौथी गोष्ट, कागद जागेवर आला की वरून थोडे पाणी मारा. मग प्लास्टिकची सपाट पट्टी मऊ फडक्यात गुंडाळा आणि तिने पाणी बाहेर काढा. नेहमी मधून कडेकडे दाबत जा. कडेकडून मधे दाबले तर पाणी आणि हवा आत कोंडते.

पाचवी गोष्ट, कडा कापा. पाते नवे घ्या. चौकटीला लागून सुतळीएवढी फट सोडा. कागद चौकटीवर चढला तर तिथून सुटू लागतो.

मग काचेला हात लावू नका. निदान पंधरा दिवस ती धुऊ नका. पहिल्या दिवसांत आत पाण्याचे बारीक डाग दिसले तर घाबरू नका. ते हळूहळू सुकतात. पावसाळ्यात जास्त दिवस लागतात.

काचेला आधीच तडा असेल, किंवा तिच्यावर उठावाची नक्षी असेल, तर हा कागद लावू नये. नक्षीवर तो धरत नाही. हेही लक्षात ठेवा की ह्या कागदाने काच मजबूत होत नाही. दगड लागला तर ती फुटायचीच.

अक्षरे कशी कापतात?

दुकानदार संगणकावर शब्द लिहितो. मग एका यंत्रात रंगीत पान घालतो. त्या यंत्राला बारीक सुरी असते. सुरी अक्षराच्या कडेने फिरते आणि वरचे पान कापते, खालचे अस्तर मात्र तसेच ठेवते. मग अक्षराबाहेरचा जादा भाग टोकदार चिमट्याने सोलून काढतात. 'ब' आणि 'व' ह्यांच्या पोटातला तुकडाही काढावा लागतो. उरलेल्या अक्षरांवर एक चिकट पट्टी लावतात. त्या पट्टीसकट सगळा शब्द एकदम उचलता येतो.

आता मराठी अक्षरांच्या तीन गोष्टी सांगतो. त्या माहीत नसल्या तर काम बिघडते.

पहिली गोष्ट शिरोरेघेची. आपली अक्षरे एका रेघेला लटकलेली असतात, तोरणाच्या दोरीला पाने लटकतात तशी. ही रेघ अखंड असली तर सगळा शब्द एकमेकांना धरून राहतो. पण संगणकात प्रत्येक अक्षर वेगळे असते. ते तसेच कापले तर सुरी प्रत्येक सांध्यावर रेघ कापते. मग प्रत्येक सांधा उन्हाने उचलला जातो. म्हणून दुकानदाराला सांगावे, "भाऊ, आधी सगळी अक्षरे जोडून एकसंध करा, मग कापा."

दुसरी गोष्ट अनुस्वाराची. अनुस्वाराचे टिंब रेघेला जोडलेले नसते. ते एकटे असते आणि लहान असते. अक्षरे काचेवर लावून पट्टी ओढली, की टिंब पट्टीबरोबर निघून येते. कोणाच्या लक्षातही येत नाही. पण 'चिंता' आणि 'चिता' ह्यांत फरक टिंबाचाच आहे ना? 'बंद'चे 'बद' होते. 'ग्रामपंचायत'ची 'ग्रामपचायत' होते. म्हणून पट्टी काढल्यावर ती फेकू नका. आधी उलटून पाहा. तिला एखादे टिंब चिकटले असेल तर ते सापडेल.

तिसरी गोष्ट वेलांटीची. एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्या संगणकावर उघडले, तर कधी-कधी मराठी अक्षरे विस्कटतात. पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी बसायची, ती नंतर जाऊन बसते. जोडाक्षर फुटून त्याचे दोन तुकडे होतात. दुकानदार कामाच्या घाईत असतो. त्याला दिसत नाही.

इथे तुमची गरज आहे

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मुलांचे शुद्धलेखन तपासले. त्यातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्याला वाचनाचा फार सराव असतो, तो शब्द सबंध गिळतो. पहिले आणि शेवटचे अक्षर पाहून मधला शब्द मनाने भरून काढतो. त्यामुळे चूक त्याच्या नजरेतून सुटते. जो नुकता वाचायला शिकला आहे, तो एकेक अक्षर लावून वाचतो. कुठे काना कमी असला, कुठे टिंब गळाले असले, की तो तिथेच अडतो.

असा अडखळणारा वाचक अक्षरे तपासायला सर्वांत चांगला. तेव्हा तुमच्या गावच्या काचेवर अक्षरे लागणार असतील, तर संकोच करू नका. म्हणा, "आधी कागदावर छापून दाखवा. आम्ही वाचून पाहतो." दोघांनी मोठ्याने वाचावे. जिथे अडखळाल, तिथे बोट ठेवा. चूक तुमची नसेल, अक्षराची असेल. कागदावरची चूक फुकट सुधारते. काचेवर लागल्यानंतर तिलाच पैसे पडतात.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात सात वर्षांवरच्या १०० माणसांमागे सुमारे ६४ जणांना लिहिता-वाचता येत होते. म्हणजे ३६ जणांना येत नव्हते. जे तेव्हा ह्या ३६ मध्ये होते, त्यांच्यातले काही आज हे पुस्तक वाचत आहेत. आपल्या जिल्ह्यातली काच ह्या नव्या वाचकांना वाचता आली पाहिजे.

कागद आणि अक्षरे ह्यांचा मेळ

आता मुख्य गोष्ट. दोन्ही एकाच काचेवर लावायची तर क्रम कसा असावा? नियम सोपा आहे. आधी वाचणारा, मग अक्षर, मग दुधी कागद. अक्षर नेहमी वाचणाऱ्याच्या बाजूला हवे. ते कागदाच्या मागे गेले तर पुसट होईल.

पहिली रीत अशी. कागद काचेच्या आतून लावायचा आणि अक्षरे बाहेरून. ही रीत सर्वांत सोपी. कागद आत राहिल्याने पाऊस आणि धूळ त्याला लागत नाही. अक्षरे गुळगुळीत काचेवर असल्याने घट्ट बसतात. नाव बदलायचे झाले तर अक्षरे तेवढी काढता येतात. तोटा एकच. बाहेर बसलेली मुले नखाने अक्षरे उकरतात. म्हणून अक्षरे मुलांच्या हाताच्या वर लावावीत.

दुसरी रीत म्हणजे अक्षरे कागदावरच लावायची. दोन खोल्यांच्या मधल्या काचेला ही चालते. पण घाई करू नये. कागद पूर्ण सुकू द्यावा, मगच अक्षरे लावावीत, आणि तीही कोरडी लावावीत. कागदाचा पृष्ठभाग खरबरीत असतो. त्यावर अक्षर काचेवर धरते तितके धरत नाही. म्हणून प्रत्येक अक्षर पट्टीने चांगले दाबावे. पुढे ही अक्षरे काढताना खालचा कागदही निघून येऊ शकतो.

तिसरी रीत कोरीव अक्षरांची. इथे वेगळी अक्षरे लावतच नाहीत. दुधी कागदातच अक्षरांचा आकार कापून काढतात. तेवढी काच उघडी राहते. दिवसा बाहेरून पाहिले तर आतली खोली काळोखी असते, म्हणून अक्षरे गडद दिसतात. रात्री आत दिवा लागला की तीच अक्षरे उजळतात. दिसायला ही रीत देखणी आहे. दुकानाला किंवा वाचनालयाला ती शोभते. पण अक्षराच्या फटीला डोळा लावला की आतले सगळे दिसते! म्हणून तपासणीच्या खोलीला, न्हाणीघराला आणि बायकांच्या खोलीला कोरीव अक्षरे कधीही लावू नयेत.

एक रीत मात्र टाळावी. आधी आतून अक्षरे लावायची आणि त्यांच्यावरून सबंध दुधी कागद ओढायचा. अक्षराला जाडी असते. कागद त्याच्या कडेला खाली टेकत नाही. तिथे हवा राहते आणि प्रत्येक अक्षराभोवती पांढरी रेघ उमटते. शिवाय आतून लावून बाहेरून वाचायची अक्षरे उलटी कापावी लागतात. ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का पाहिला आहे ना? त्यावर अक्षरे उलटी असतात, तेव्हा कागदावर सुलटी उमटतात. तसेच हे.

अक्षरे सरळ रेघेत लावण्यासाठी काचेवर आडवा दोरा ताणून बांधा. अक्षरांची पट्टी त्या दोऱ्याला लावून वरच्या कडेने कागदी चिकटपट्टीने अडकवा. म्हणजे ती दारासारखी वर-खाली होईल. मग अस्तर सोला, पट्टी खाली सोडा आणि मधून कडेकडे दाबा. शेवटी वरची पट्टी स्वतःवरच दुमडत, सावकाश ओढा.

दिवस आणि रात्र

काचेचे काम दिवसा पाहून पसंत करतात. पण रात्री वेगळेच दिसते.

रात्री आत दिवा आणि बाहेर अंधार असला, की दुधी काच सगळी उजळते. आतला माणूस काचेजवळ आला तर त्याची सावली पडद्यावर दिसावी तशी दिसते. चेहरा कळत नाही, पण हालचाल कळते. म्हणून बाळंतपणाच्या खोलीला दुधी कागदाबरोबर आतून पडदाही असावा.

बाजारात आरशासारखा चकाकणारा कागदही मिळतो. विकणारा सांगतो, "आतून बाहेरचे दिसेल, बाहेरून आतले दिसणार नाही." हे दिवसापुरते खरे आहे. ज्या बाजूला उजेड जास्त, तिकडच्या माणसाला आरसा दिसतो. रात्री आत दिवा लागला की सगळे उलटे होते. आतल्याला आरसा दिसतो आणि बाहेरच्याला आतली खोली! दवाखान्यासाठी असा कागद घेऊ नये.

आणि अगदी साधी गोष्ट. दुधी कागद खिडकी बंद असेल तेव्हाच झाकतो. उकडते म्हणून खिडकी उघडली की सगळे उघडे. तेव्हा वारा येण्यासाठी वर झरोका ठेवावा.

अक्षर केवढे, रंग कोणता, मजकूर काय?

दहा फुटांवरून सुखाने वाचायचे असेल तर अक्षर निदान एक इंच उंच हवे, असा ठोकताळा आहे. आम्ही म्हणतो, दोन इंच ठेवा. म्हातारी माणसे आणि नवे वाचक ह्यांना मोठे अक्षर बरे. वेलांटी आणि उकार ह्यांसाठी वर-खाली मोकळी जागा सोडा.

दुधी कागदावर गडद निळे, काळे किंवा तपकिरी अक्षर चांगले उठते. पांढरे आणि पिवळे दिसत नाही. नक्षीदार, वळणावळणाचे अक्षर नको. शाळेच्या फळ्यावर असते तसे सरळ अक्षर असावे. मात्र उन्हाच्या काचेवर गडद रंगाची मोठी पट्टी लावू नये. तेवढीच काच जास्त तापते आणि काचेला तडा जाऊ शकतो.

शब्द थोडे असावेत. 'महिला तपासणी', 'औषधे येथे मिळतील', 'दार ओढा', 'दार ढकला'. शब्दाशेजारी लहान चित्र असले तर अजून वाचता न येणाऱ्यालाही कळते. सबंध काचेचे दार असेल तर मोठ्यांच्या छातीच्या उंचीवर आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दुधी पट्टा लावावा. नाही तर काच दिसत नाही आणि माणूस तिच्यावर आपटतो.

काही मजकूर कायद्यानेच लावावा लागतो. २०२२ साली महाराष्ट्राने दुकानांचा कायदा सुधारला. तेव्हापासून लहान-मोठ्या प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी अक्षरांत हवी, आणि मराठी अक्षर इतर भाषांच्या अक्षरांपेक्षा लहान नको. सोनोग्राफीच्या जागी गर्भलिंगनिदान केले जात नाही, अशी सूचना लोकांच्या भाषेत लावलीच पाहिजे. तो कायदा १९९४ सालचा आहे. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ सालचा. त्याप्रमाणे कचेरीत कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, हे लोकांना दिसेल असे लावायचे असते. ही अक्षरे कुठे आहेत, ते पाहत चला. नसतील तर विचारा.

जपणूक

पुसताना मऊ फडके आणि साधे पाणी वापरा. राख, माती किंवा तारेची घासणी लावू नका. जुना कागद काढायचा झाला तर त्यावर गरम पाण्याचे फडके धरा. चीक मऊ होतो. मग कोपऱ्यातून सावकाश सोला.

उरलेले तुकडे चुलीत घालू नका. हे प्लास्टिक जळले की विषारी धूर निघतो. त्याने डोळे चुरचुरतात आणि छातीत जळजळ होते. उकिरड्यावरही टाकू नका, गुरे खातात. गोळा करून कचऱ्याच्या गाडीत द्या.

लक्षात ठेवा

१. दुधी कागद उजेड अडवत नाही, नजर अडवतो.
२. आधी वाचणारा, मग अक्षर, मग कागद.
३. कागद ओला लावा. कागदावरची अक्षरे कोरडी लावा.
४. तपासणीच्या खोलीला कोरीव अक्षरे नकोत.
५. आधी कागदावर छापून घ्या, मोठ्याने वाचा, मग कापा.
६. पट्टी फेकण्याआधी टिंब शोधा.

सराव

हे शब्द मोठ्याने वाचा. ज्या शब्दात टिंब गळाले आहे, तिथे पेन्सिलीने टिंब द्या.

ग्रामपचायत, दवाखाना, बँक, बद, औषधे, नदुरबार, तपासणी.

आता सांगा:

१. एका काचेची रुंदी २ फूट आणि उंची ३ फूट आहे. अशा पाच काचांना किती चौरस फूट कागद लागेल?
२. आरशासारखा कागद रात्री का झाकत नाही?
३. तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात तपासणीच्या खोलीची खिडकी कशी आहे? कागद आहे का? दारावर नाव आहे का? नसेल तर पुढच्या ग्रामसभेत हे कोण मांडील?